दृष्टीगुरूंचा डावा जोडा

थोरलीच्या घरात तिच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. ना लेक, ना सून. दुकानाचं कुलूप इतरांच्या हातात अडून बसायचं, पण थोरलीने नुसतं "काय रे?" म्हटलं की तेसुद्धा उघडायचं. शब्दाबाहेर गेली ती एकटी तिची सख्खी धाकटी बहीण. जन्मभर मान खाली घालून वागली आणि ज्या वयात गुडघे ऐकत नाहीत त्या वयात तीही ऐकेनाशी झाली.

घर वरच्या मजल्यावर, खाली दुकान. दुकान चष्म्यांचं. नवऱ्याने काढलं, थोरलीने वाढवलं, आणि आता लेक चालवतो असं बाहेर सांगायचं. लेक मागच्या खोलीत भिंगं घासायचा. सून गिऱ्हाइकासमोर आरसा धरायची. थोरली दाराजवळच्या खुर्चीत बसून कोणाच्या नाकावर कोणती फ्रेम शोभेल ते सांगायची. गिऱ्हाइकाला स्वतःची आवडनिवड असेल तर ती त्याने घरी ठेवून यावी. लेकाच्या नाकावरची जाड काळी फ्रेमही तिनेच निवडलेली होती. त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना त्या फ्रेमने लाल खड्डे पाडले होते, पण चेहऱ्याला भारदस्तपणा आला होता, आणि दुकानदाराला तो हवाच.

अशा घरात राहून धाकटीने चष्मा टाकून दिला. नवरा गेल्यापासून ती थोरलीकडेच राहत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, इतका पिकलेला की समोरचा माणूस तिला धुक्यातल्या खांबासारखा दिसायचा. डॉक्टरने थोरलीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "महिनाअखेरच्या आत ऑपरेशन करा. डोळ्यातला दाब वाढायला लागलाय. नंतर आणलंत तर मीही काही करू शकणार नाही, नजर कायमची जाईल." दोनदा तारीख ठरली. पहिल्या वेळी धाकटीला अचानक खोकला झाला. दुसऱ्या वेळी रिक्षा दारात उभी, आणि बाई मागच्या जिन्याने उतरून दृष्टीगुरूंकडे पोचलेल्या.

दृष्टीगुरू हे नाव भक्तांनी दिलेलं. थोरली त्याला उजेड्या म्हणायची. गावाच्या टोकाला न्हाणीघराच्या फरश्या विकणारं एक गोदाम बंद पडलं होतं, त्यात त्याची सभा भरायची. चष्मा म्हणजे डोळ्याची कुबडी, ही त्याची शिकवण. कुबडी टाका, आतला डोळा आपोआप उघडेल. लोकांनी पटापट टाकल्या. निवृत्त हेडमास्तर चौकातल्या टपालपेटीला मान लववून वाट देऊ लागले. बँकेतल्या कॅशिअरबाईंनी एकाच्या पैशाची पावती दुसऱ्याला दिली आणि रजेवर गेल्या. धंदा बसला याचं थोरलीला दुःख नव्हतं असं नाही, पण लिहिण्यावाचण्यात आयुष्य घालवलेली माणसं अशी आंधळी कोशिंबीर खेळताना पाहून तिचा जीव जास्त जळायचा. ती स्वतः दुसरीतून शाळा सोडलेली. शिकलेल्या माणसांना तेवढी तरी अक्कल असेल, हा तिचा जन्मभराचा समज होता.

"तुझा तो उजेड्या तुला आंधळी करून सोडणार," सकाळी चहा ओतताना थोरली म्हणाली.

"आंधळी तर झालेच आहे ना ताई," धाकटी शांतपणे म्हणाली. "आता आतला उघडायची वाट बघायची."

"आतला उघडून आत काय बघणारेस? आतडी?"

"तू ये एकदा. जोडे मी सांभाळते तिथे. सगळ्यांचे. नुसता हात फिरवते आणि ज्याचा त्याला देते. गुरुजी सगळ्यांना दाखवतात, म्हणतात बघा, हिचा आतला डोळा उघडतोय."

"हे देवाने दिलेल्या डोळ्यापेक्षा मोठं झालं?"

धाकटीने बशी चाचपली. "तिथे मला काम आहे ताई."

"इथे काय कमी आहे तुला? काडी उचलावी लागते का?"

"नाही ना लागत," धाकटी म्हणाली आणि रिकामा कप विसळायला उठली.

"ठेव तो, फोडशील," थोरली म्हणाली. "तू बस."

धाकटी बसली. यालाच माया म्हणतात, अशी थोरलीची खात्री होती.

त्याच आठवड्यात दुकानात उजेड्याचा सेक्रेटरी आला. शर्टाच्या आत लपवलेली रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली. आत चष्मा. भिंगं बाटलीच्या बुडासारखी, एक काडी तुटलेली.

"मावशीचा आहे," तो हळूच म्हणाला. "लवकर हवाय. परवा सभा आहे."

"मावशी सभेत चष्मा लावते?" थोरलीने खुर्चीतून विचारलं.

"छे छे. म्हणजे, सभेआधी. भाषण पाठ करायला."

"मावशी भाषण करते."

सेक्रेटरीला घाम फुटला. त्याने चष्मा काउंटरवर ठेवण्याआधी हलकेच कपाळाला लावला, आणि तिथेच फसला. मावशीवर कितीही जीव असला तरी तिच्या चष्म्याला कोणी कपाळ टेकवत नाही.

तो गेल्यावर थोरलीने चष्मा उचलला आणि जिना अशा वेगाने चढली की खाली सुनेला वाटलं वर आग लागली. "घे," तिने चष्मा धाकटीच्या हातात कोंबला. "चाचप. तुझ्या गुरुजीचा आहे. तुमच्या कुबड्या काढून घेतल्या आणि स्वतः ही मेजाच्या पायाएवढी कुबडी लावून भाषणं पाठ करतो."

धाकटीने भिंगांवरून बोट फिरवलं. किती जाड आहेत ते तिला कळलं. थोरली वाट बघत उभी राहिली. आता रडेल, आता म्हणेल ताई, तुझंच खरं.

धाकटीचे डोळे भरून आले खरे. "बघ ताई," ती म्हणाली, "आम्हा सगळ्यांचे नंबर त्यांनी स्वतःवर घेतलेत."

थोरलीने चष्मा परत घेतला, खाली आली आणि लेकाला म्हणाली, "हा दुरुस्त करायचा नाही."

"पण आई, परवा..."

"मी सांगेन तेव्हा."

"बरं," लेक म्हणाला आणि नाकावरची फ्रेम सारखी केली.

दोन दिवसांनी थोरली सभेला गेली. जाताना सुनेचे उंच टाचेचे सँडल घालून गेली, मुद्दाम. आतल्या डोळ्याची परीक्षा घ्यायची होती. गोदामाच्या दारात धाकटी एका ठेंगण्या स्टुलावर बसली होती, मागे फळ्यांवर जोडेच जोडे. थोरलीने घसा न खाकरता, एक शब्द न बोलता सँडल पुढे केले. धाकटीने एकावरून अंगठा फिरवला.

"सूनबाईचे घालून आलीस ताई? पडशील ना."

थोरलीला हसू आलं ते तिने गालात दाबलं. तेवढ्यात मागून कॅशिअरबाईंनी चपला दिल्या आणि धाकटी म्हणाली, "तळ सुटायला आलाय बाई, आजच शिवून घ्या." मग कोणाचा बंद तुटायला आलेला, कोणाच्या बुटात खडा. घरात मीठ कुठे आणि साखर कुठे हे विचारून विचारून जगणारी बाई इथे दहा जणांशी एका दमात बोलत होती आणि दहाही जण तिला वाकून विचारत होते. थोरलीने आपल्या बहिणीला इतकं ताठ बसलेलं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

आत उजेड्या उंच बैठकीवर बसला होता. गुबगुबीत, गोरा, केस चोपून बसवलेले. चष्मा नसल्यामुळे डोळे किलकिले करून तो समोर बघत होता आणि भक्तांना ते ध्यान वाटत होतं. भाषण पाठ नव्हतं, म्हणून त्याने एकेकाला पुढे बोलवायला सुरुवात केली. मग त्याची नजर बैठकीच्या बाजूला गेली. तिथे लाकडी खुंटाळं उभं होतं, त्यावर कोणाचा तरी लांब रेनकोट आणि वर टोपी.

"तू असा मागे मागे का उभा राहतोस?" उजेड्या त्याला म्हणाला.

खुंटाळं काही बोललं नाही.

"बोलू नकोस. तुझा कंठ दाटलाय, मला दिसतंय. फार ओझं वाहिलंस आयुष्यभर. लोक आले, आपापली ओझी तुझ्यावर टाकून गेले."

हे मात्र अगदी खरं होतं. थोरलीला वाटलं, संपलं. आता पहिल्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसेल, मग दुसरा, आणि अर्ध्या तासात गोदाम रिकामं होऊन पुन्हा फरश्या विकायला मोकळं होईल. हसली ती एकटीच. पुढे हेडमास्तरांनी डोळे पुसले.

"जडातला जीव ओळखला," ते शेजाऱ्याला म्हणाले. "आपल्याला नुसतं लाकूड दिसतं."

कॅशिअरबाई उठल्या आणि जाऊन खुंटाळ्यासमोर वाकल्या. त्यांच्यामागे रांग लागली. ज्याचा रेनकोट होता तो लाकडाचा व्यापारी, धिप्पाड गडी, हुंदके द्यायला लागला, की माझाच कोट निवडला. थोरली हसायची थांबली. खोटं उघडं पाडलं की माणसं शहाणी होतात, या एका भरवशावर ती इथवर आली होती. इथे तर जितकं उघडं पडेल तितकी रांग वाढत होती.

सभा संपली. रीत अशी की आधी उजेड्या बाहेर पडायचा, मग बाकीचे. दारात धाकटीने त्याचे जोडे काढून समोर मांडले. शेजारीच लाकूडवाल्याचे जोडे होते, ते खुंटाळ्याचा मान मिळाल्यामुळे त्याने आधीच खाली मागवून घेतलेले. उजेड्याने डोळे किलकिले केले आणि सरळ लाकूडवाल्याच्या जोड्यात पाय घातला.

"गुरुजी, ते तुमचे नव्हेत," धाकटी म्हणाली. "हे तुमचे."

उजेड्या थबकला. मागे सगळी सभा उभी. "माझे कोणते ते तू मला सांगणार?"

कोणी शहाणी असती तर गप्प बसली असती. पण धाकटीला वाटलं, खरंच विचारतायत. तिने डावा जोडा उचलून पुढे केला. "डावी टाच आतून झिजलीये. अंगठ्यापाशी शिवण उसवलीये. रोज माझ्या हातात असतो ना."

ज्याचा आतला डोळा उघडाय त्याला एका आंधळ्या बाईने सगळ्यांसमोर त्याचा जोडा दाखवला. उजेड्या लालबुंद झाला. त्याने तो जोडा तिच्या हातातून हिसकला आणि तिच्या भुवईवर हाणला. "आंधळी कोंबडी," तो म्हणाला. "मला शिकवतेय."

थोरलीच्या पायाखालची जमीन तापली. धाकटीला आंधळी, कोंबडी, मुळूमुळू असं काय काय म्हणायचा हक्क या जगात एकाच माणसाला होता, आणि त्या माणसानेही कधी हात उचलला नव्हता. ती गर्दी सारत पुढे निघाली. तेवढ्यात मागून हेडमास्तरांचा आवाज आला, "भाग्यवान आहे बाई. थेट कृपा." आणि चारपाच जण मनापासून "हो, हो" म्हणाले.

उजेड्यालाही उमगलं असावं की काहीतरी बोलायला हवं. "जोडा कोणाचा नसतो," तो म्हणाला. "समोर येईल तो आपला." आणि लाकूडवाल्याच्या होडीएवढ्या जोड्यात पाय ओढत, फटक फटक आवाज करत गाडीत जाऊन बसला.

मग जे झालं ते थोरलीने पाहिलं म्हणून, नाहीतर दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तिने त्याला चष्मा लावायला सांगितला असता. भक्त फळ्यांवर तुटून पडले आणि ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने घातलं. स्वतःचा जोडा दिसला तरी उचलायचा नाही, गुरूचा शब्द खोटा पडेल. कॅशिअरबाईंच्या पायात शाळेतल्या पोराचे बूट. लाकूडवाल्याच्या एका पायात गुरूंचा उजवा जोडा, अर्धी टाच बाहेर, दुसऱ्या पायात कोणाची तरी रबरी सपाता. आणि हेडमास्तर सुनेच्या उंच टाचेच्या सँडलवर, भिंतीला धरून. सगळा रस्ता लंगडत, हेलपाटत घराकडे निघाला, आणि प्रत्येकाच्या तोंडावर समाधान.

थोरलीने हेडमास्तरांना गाठलं. "चावतात का?"

"चावतात," ते दात आवळून म्हणाले. "पण आतून हलकं वाटतंय."

"मग काढा की."

"आता कसे काढणार बाई," हेडमास्तर म्हणाले. "इतके सगळे बघत असताना घातले. चौकापर्यंत चालूनसुद्धा आलो." असं म्हणून त्यांनी टपालपेटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा दम घेतला.

थोरली अनवाणी परत फिरली. दारात स्टुलावर धाकटी तशीच बसून होती. भुवईवर टेंगूळ, मांडीवर डावा जोडा.

"ऊठ," थोरली म्हणाली. "त्या मेल्याचा गळा धरते की नाही बघ."

"मारण्याचं काही नाही ताई. मारतात ते. आधीही मारलंय."

हे थोरलीला माहीत नव्हतं. ती स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली.

"पण तो जोडा त्यांचाच होता," धाकटी म्हणाली.

"होता."

"तू पाहिलास?"

"पाहिला."

"मग सगळे माझ्यावर का उलटले? लाकूडवाला तर स्वतःच्या जोड्याशेजारी उभा होता. तोही म्हणाला नाही की हिचं बरोबर आहे." तिने मांडीवरचा जोडा चाचपला. "मला कोंबडी म्हणा, काही म्हणा. माझा हात खोटा पाडला ताई."

थोरलीच्या जिभेवर भाषण तयार होतं, महिनाभर घोटलेलं. मी सांगत होते, ऐकलं नाहीस, शिकलेल्यांना कळत नाही, तुला काय कळणार. ते सगळं तिने गिळलं. गिळताना तिला जे कष्ट पडले ते तिला बाळंतपणातही पडले नव्हते.

"तुझा हात कधी चुकत नाही," ती एवढंच म्हणाली.

धाकटीने जोडा पिशवीत घातला. घरी जाताना ती थोरलीचा दंड धरून चालत होती. मग म्हणाली, "मला तो बघायचाय."

"उजेड्या?"

"जोडा. हाताने सांगितलं तर कोणी मानत नाही. डोळ्याने बघून सांगते मग."

"त्याला ऑपरेशन लागेल."

"जोडा बघायला जे लागेल ते लागू दे."

थोरलीने रस्त्यावरच हात करून रिक्षा थांबवली. घरीसुद्धा नेलं नाही, बाईला पुन्हा खोकला व्हायचा. सरळ दवाखाना. नर्स म्हणाली, वेळ घेतलीत का? थोरलीने नर्सकडे नुसतं पाहिलं, आणि नर्सने खाट दिली.

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टर बोटं नाचवत समोर उभा राहिला, किती दिसतात म्हणून. "ती राहू द्या," धाकटी म्हणाली. "माझी पिशवी कुठे आहे?" तिने जोडा काढला, खिडकीशी धरला. उलटा केला, सुलटा केला. इतके दिवस तो तिला तपकिरी वाटत होता, तो काळा निघाला. पण टाच आतून झिजलेली होती आणि अंगठ्यापाशी शिवण उसवलेली होती, अगदी हातातल्यासारखी. तिने मोठा श्वास सोडला. मग मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "तू किती म्हातारी झालीस गं."

"तू आरसा मागू नकोस मग," थोरली म्हणाली, आणि नाक पुसायला खिडकीकडे वळली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी धाकटी जिना उतरून दुकानात आली. "मला काम दे," ती म्हणाली. थोरलीच्या ओठांवर "तू बस" आलं होतं. ते तसंच परत गेलं. "दुरुस्तीचे चष्मे तू दे गिऱ्हाइकांना," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत कोणाचा स्क्रू ढिला आणि कोण रात्री चष्मा उशाखाली घेऊन झोपतो हे धाकटी गिऱ्हाइकांना सांगायला लागली, आणि गिऱ्हाइकं वाकून ऐकायला लागली.

तेवढ्यात सेक्रेटरी आला. मावशीचा चष्मा झाला का? थोरली काही म्हणायच्या आत धाकटीने लेकाकडून काडी बसवून घेतली, भिंगं पुसली, डावा जोडा कागदात बांधला आणि दोन्ही त्याच्या हातात दिले. "मावशीला सांगा, रोज लावत जा. मग जोडा चुकणार नाही."

सेक्रेटरी गेला. थोरलीचं डोकं फिरलं. "अजून त्याची काळजी? तुझ्या भुवईवर अजून हिरवा डाग आहे."

"तिथे काही मी जात नाही आता," धाकटी म्हणाली. "पण माणूस वाईट नाही गं ताई. नंबर फार मोठा आहे त्याचा."

थोरलीने कपाळावर हात मारला आणि लेकासुनेकडे वळली. "बघा. जोडा खाल्ला तरी हिचं हेच. हिला काय म्हणावं, तुम्हीच सांगा."

"तू म्हणशील ते, आई," लेक म्हणाला.

"आई म्हणतील ते," सून म्हणाली.

थोरली समाधानाने खुर्चीत मागे टेकली. टेकली, आणि पुन्हा जराशी पुढे झाली. लेक भिंग उजेडात धरून बघत होता. नाकाच्या दोन्ही बाजूंचे खड्डे आज तिला जरा जास्तच लाल दिसले.

"काय रे," तिने विचारलं, "ती फ्रेम चावते का?"

"थोडी."

"कधीपासून?"

"तू निवडलीस तेव्हापासून," लेक म्हणाला. "पण सवय झाली आता."

धाकटीने एक चष्मा उचलून उगाच पुसायला घेतला.

"मग काढ की ती," थोरली म्हणाली.

लेकाने हात फ्रेमपर्यंत नेला, तिथेच थांबवला आणि आधी आईकडे पाहिलं, खरंच काढू का म्हणून.